चक्र आपली होण्याआधी

दर ८ डिसेंबरला, पाणबुडी दिनाच्या सकाळी, आमच्या माजी नौसैनिकांच्या ग्रुपवर एक ठरलेला मेसेज येतो. आयएनएस कलवरीपासून सुरुवात, मग एकेक पाणबुडी, आणि शेवटी आयएनएस चक्र: पहिली १९८८ ते १९९१, दुसरी २०१२ ते २०२१. पुढे तिरंगा आणि तीन सॅल्यूट. मी खाली लिहितो, "आणि त्याआधी?" एकदा एका जुन्या सोबत्याने वैतागून उत्तर दिलं, "त्याआधी काय? त्याआधी ती आपली नव्हतीच."

भांडण इथेच आहे. भाड्याच्या घरात राहायला जाणारा माणूससुद्धा शेजाऱ्यांना विचारतो, आधी इथे कोण होतं, सोडून का गेले, छत गळतं का. आपण आधी सोव्हिएत संघाकडून आणि मग रशियाकडून अशा दोन अणुपाणबुड्या भाड्याने आणल्या, दोघींचंही नाव चक्र ठेवलं, तिरंगा चढवला आणि त्या दिवसापासून त्यांचं वय मोजायला लागलो. पण पाणबुडी अशी नव्याने सुरू होत नाही. तिच्या प्रत्येक झडपेला, प्रत्येक केबलला आधीचे हात लागलेले असतात, आणि तिच्यात आधी जे घडलं ते पुढच्या माणसाच्या उपयोगाचं असतं. मी इलेक्ट्रिकल शाखेतला, सगळी नोकरी डिझेल बोटींवर (पाणबुडीला आम्ही बोटच म्हणतो), अणुपाणबुडीवर एक वॉच, म्हणजे पहाऱ्याची एक पाळीसुद्धा केलेली नाही. तरी हा हट्ट धरून बसलोय, कारण दोन्ही चक्रांच्या आधीच्या जन्मात जे झालं ते आम्हा डिझेलवाल्यांनाही झोंबणारं आहे.

पहिल्या चक्रचं मूळ नाव के-४३. सोव्हिएत प्रकल्प ६७०, त्यांच्या भाषेत स्कात. नाटोवाले त्या वर्गाला चार्ली म्हणायचे. त्या वर्गातली ही पहिलीच बोट. बांधली गेली समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, व्होल्गाकाठच्या गोर्की शहरातल्या क्रास्नोये सोर्मोवो कारखान्यात, आणि नद्या-कालव्यांतून उत्तरेला समुद्राकडे नेली. ५ नोव्हेंबर १९६७ ला ती सोव्हिएत नौदलात दाखल झाली. आता आपली पहिली पाणबुडी कलवरी, डिझेलवर चालणारी फॉक्सट्रॉट, कधी दाखल झाली? रीगा बंदरात, ८ डिसेंबर १९६७. त्या तारखेलाच आपण पाणबुडी दिन पाळतो. मधे फक्त महिनाभराचं अंतर. म्हणजे ज्या हिवाळ्यात आपली माणसं रीगाच्या थंडीत पाणबुडी म्हणजे काय ते शिकत होती, त्याच हिवाळ्यात पुढे वीस वर्षांनी आपली होणारी बोट तिकडे नवीकोरी उभी होती. मला ही गोष्ट कळली तेव्हा नोकरी संपलेली होती. नोकरीत असताना कुणी सांगितली असती तर मेसमध्ये दहा जणांना ऐकवली असती.

के-४३ मध्ये त्या काळाच्या मानाने नवं काय होतं? एक म्हणजे अणुभट्टी एकच आणि प्रोपेलरही एकच. त्याआधीच्या सोव्हिएत अणुपाणबुड्यांत दोन-दोन भट्ट्या असायच्या. दुसरं, आणि खरं महत्त्वाचं, अमेतिस्त क्षेपणास्त्रं. आठ नळ्या, नाकाजवळ, प्रेशर हलच्या, म्हणजे पाण्याचा दाब झेलणाऱ्या आतल्या कवचाच्या बाहेर पण बाहेरच्या कवचाच्या आत, तिरप्या बसवलेल्या. ही क्षेपणास्त्रं पाण्याखालूनच सुटायची. आधीच्या सोव्हिएत बोटींना क्रूझ क्षेपणास्त्र सोडायला वर यावं लागे, आणि वर आलेली पाणबुडी म्हणजे एक संथ आणि अगदी नाजूक जहाज. अमेतिस्तचा पल्ला काही फार नव्हता, शंभर किलोमीटरच्याही आत. म्हणजे विमानवाहू जहाजाच्या बऱ्यापैकी जवळ जायचं, आणि तिथवर कुणाच्या कानावर न येता पोचायचं. म्हणून मी तिला हल्ल्याची पाणबुडीच म्हणतो, कागदावर वर्गीकरण काहीही असो. काम तेच: शोधा, मागे लागा, जवळ जा, मारा.

पुढे ती पॅसिफिक ताफ्यात गेली. आणि इथे तिच्या बहिणीची गोष्ट येते, जी आपल्याकडे सांगितली जात नाही. के-४२९, त्याच वर्गातली, त्याच ताफ्यातली. २४ जून १९८३, कामचात्काच्या किनाऱ्याजवळ. वेगवेगळ्या बोटींवरून उचललेले लोक घाईघाईने एकत्र करून ती समुद्रात पाठवली होती. कप्तानाची कुरकुर होती, ती ऐकली गेली नाही. चाचणी म्हणून बुडी मारताना वायुवीजनाची वाट उघडी राहिली होती. पाणी आत घुसलं, बोट तळाला बसली, १६ जण गेले. खोली फार नव्हती म्हणून बाकीचे टॉर्पेडो नळ्यांतून आणि एस्केप हॅचमधून पोहत वर आले. कप्तानाला तुरुंग झाला. बोट वर काढली, दुरुस्तीला लावली, आणि १९८५ मध्ये ती धक्क्याला बांधलेली असताना पुन्हा बुडाली.

वायुवीजनाची झडप हा आमच्या अंगावर काटा आणणारा विषय. बुडी मारण्याआधी प्रत्येक कप्प्यातून रिपोर्ट येतो: अमुक बंद, तमुक बंद. कंट्रोल रूममधल्या पॅनेलवर दिवे असतात, पण दिव्यावर विश्वास ठेवायचा नाही, हात लावून बघायचं, हे आमच्या डोक्यात ठोकून बसवलेलं. माझ्या पहिल्या बोटीवरचा चीफ म्हणायचा, "दिवा खोटं बोलू शकतो, चाक खोटं बोलत नाही." के-४२९ ला बहुतेक माणसं एकमेकांना ओळखतही नव्हती. रिपोर्ट कोणाचा, कोणी घेतला, कोणी ऐकला, हे नुसत्या आवाजावरून कळायला एकत्र काढलेले महिने लागतात.

आपल्या पहिल्या तुकड्या अणुपाणबुडीचं शिक्षण घ्यायला व्लादिवोस्तोककडे गेल्या त्या याच ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीच्या वर्षांत. रशियन भाषा, अणुभौतिकी, मग प्रत्यक्ष यंत्रं. त्यांच्यातले काही पुढे आम्हाला भेटले. विशाखापट्टणमला एकाच कँटीनमध्ये चहा, पण त्या विषयावर चकार शब्द नाही. आम्ही चिडवायचो, "बॉइलर कसा चाललाय?" ते हसायचे.

५ जानेवारी १९८८ ला के-४३ वर तिरंगा चढला आणि ती चक्र झाली. कमांडिंग ऑफिसर कॅप्टन आर. एन. गणेश, जे पुढे व्हाइस ॲडमिरल झाले आणि आपल्या स्वतःच्या अणुपाणबुडीच्या एटीव्ही प्रकल्पाचे प्रमुख झाले. येताना अमेरिकी नौदलाने वरून काढलेला तिचा फोटो आजही सगळीकडे दिसतो: पाण्यावर लांबट काळी पाठ आणि मधे बुटका मनोरा. ३ फेब्रुवारीला ती विशाखापट्टणमला आली, पंतप्रधान राजीव गांधी स्वागताला होते. आम्हाला बंदोबस्तात उभं केलेलं, त्यामुळे जे काही पाहिलं ते लांबूनच. तिच्यासाठी वेगळा धक्का, किरणोत्साराची मोजणी करणारी वेगळी यंत्रणा, वेगळे पास. आमच्यातला जो तो तिच्याबद्दल तज्ज्ञ होता आणि आत कुणीच गेलेलं नव्हतं.

तरीही आम्हाला हेवा कशाचा वाटत होता ते सांगतो, कारण बाहेरच्या लोकांना वाटतं की अणुपाणबुडी म्हणजे अणुबॉम्ब. करारानुसार चक्रवर अण्वस्त्रं नव्हतीच. हेवा होता तो हवेचा.

फॉक्सट्रॉटमध्ये बॅटरीचे ४४८ सेल, ११२ चे चार गट. पाण्याखाली सगळं त्यांच्यावर. पूर्ण वेगाने गेलात तर तासा-दोन तासांत बॅटरी बसली. म्हणून सरपटायचं, दोन-तीन नॉट्सने (एक नॉट म्हणजे ताशी पावणेदोन किलोमीटरच्या जरा वर), आणि रात्री पेरिस्कोप पाण्याबाहेर निघेल इतकं वर येऊन स्नॉर्केल, म्हणजे हवा घ्यायची नळी, वर काढायचा, डिझेल चालू करायची आणि चार्जिंग. त्या वेळी शत्रूच्या रडारला स्नॉर्केलचं डोकं दिसू शकतं, आणि डिझेलच्या धडधडीत आपल्याला बाहेरचं काही ऐकू येत नाही. चार्जिंगमध्ये सेलमधून हायड्रोजन सुटतो. त्याचं प्रमाण हवेत ४ टक्क्यांवर गेलं की ठिणगी पुरते, त्यामुळे इलेक्ट्रिकलवाल्याचा अर्धा जीव हायड्रोजन मीटरच्या काट्यात. लाट आली की स्नॉर्केलची झडप बंद होते, इंजिन बोटीच्या आतलीच हवा ओढतं, आणि सगळ्यांच्या कानांत एकदम दडे बसतात. कपड्यांना, भाताला, उशीला डिझेलचा वास. हे ज्यांना बघायचंय त्यांनी विशाखापट्टणमच्या आर. के. बीचवर जाऊन कुरसुरा ही जुनी फॉक्सट्रॉट बघावी. ती आता संग्रहालय आहे. वास मात्र बराचसा गेलाय.

चक्रला हे काहीच नको. भट्टी वाफ करते, वाफेवर टर्बाइन, त्यावर प्रोपेलरही फिरतो आणि वीजही. वीज भरपूर म्हणून पाण्यातून ऑक्सिजन काढता येतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकता येतो, गोडं पाणी करता येतं. अंघोळ! आमच्याकडे अंघोळ ही बंदरात आल्यावर करायची गोष्ट होती. आता हिशेब करा. विशाखापट्टणम ते पोर्ट ब्लेअर सुमारे १,२०० किलोमीटर. २० नॉट्सने, सगळा रस्ता पाण्याखालून, चक्रला साधारण दीड दिवस. आमची बोट ३ नॉट्सने सरपटत गेली तर नऊ दिवस, आणि त्यात रोज रात्री वर येऊन श्वास घ्यायचा. आमची बोट एका जागी दबा धरून बसायला उत्तम. कुणाच्या मागे धावायचं म्हटलं की हात वर.

पण आमच्या बाजूनेही एक सांगायला हवं, नाहीतर डिझेलवाले मला ग्रुपमधून काढतील. बॅटरीवर चाललेली बोट जवळजवळ मुकी असते. अणुभट्टीचं तसं नाही. तिच्यातून पाणी फिरवणारे पंप, टर्बाइनचे गिअर, काही ना काही चालूच राहतं. चार्ली वर्ग तर त्या बाबतीत फार नावाजलेला नव्हताच. तेव्हा वेग तिचा, शांतता आमची, असा आमचा वाद चालायचा आणि तो कधीच सुटला नाही.

त्या तीन वर्षांबद्दल जाहीर फार कमी आहे. रशियन तज्ज्ञ बोटीवर असायचे. वर्तमानपत्रांत वावड्या उठायच्या, त्यातल्या कोणत्या खऱ्या हे मी सांगू शकत नाही, म्हणून लिहीत नाही. करार तीन वर्षांचा होता, तो वाढवला गेला नाही. जानेवारी १९९१ मध्ये ती परत गेली आणि पुढच्याच वर्षी सेवेतून निघाली. त्या वेळेपर्यंत ज्या देशाने ती बांधली तो देशही उरला नव्हता. तिच्यावर वॉच केलेले लोक मात्र इथे राहिले, एटीव्हीत गेले, आणि आपली पहिली स्वदेशी अणुपाणबुडी अरिहंत बांधणाऱ्यांच्या बैठकांमध्ये बसले. हे सगळे मान्य करतात, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही.

दुसऱ्या चक्रचा आधीचा जन्म मात्र जास्त लांब आणि जास्त वाईट. मूळ नाव के-१५२ नेर्पा, प्रकल्प ९७१, नाटोच्या भाषेत अकुला. ही मात्र पूर्ण अर्थाने हल्ल्याची पाणबुडी. लांबी ११० मीटर, पाण्याखाली ३० नॉट्सच्या आसपास, खोली ६०० मीटरपर्यंत, आठ टॉर्पेडो नळ्या. १९९३ मध्ये कोम्सोमोल्स्क-ना-अमूर इथल्या कारखान्यात तिचा सांगाडा घातला आणि मग पैसे संपले. नव्वदच्या दशकातल्या रशियात अर्धवट बोटी जागोजागी पडून होत्या, ही त्यातली एक. ती पुढे सरकली ती आपल्या कराराच्या पैशाने. २००६ मध्ये पाण्यात उतरली आणि पुढचं काम व्लादिवोस्तोकजवळ बोल्शोय कामेनला झालं. इतकी वर्षं उघड्या-बंद शेडमध्ये पडलेल्या केबलांचं काय होतं हे इलेक्ट्रिकलवाल्याला विचारा. नकाच विचारू.

८ नोव्हेंबर २००८. जपानच्या समुद्रात चाचण्या चालू होत्या. बोटीवर २०८ माणसं होती, नेहमीच्या खलाशांच्या दुपटीहून जास्त, कारण कारखान्याचे इंजिनिअर आणि कामगारही बरोबर होते. अचानक आग विझवण्याची यंत्रणा सुटली. आग नव्हती. ही यंत्रणा कप्प्यात असा गॅस सोडते की आग गुदमरून विझते. माणूस आत असेल तर तोही गुदमरतो. २० जण गेले, त्यातले १७ कारखान्याचे लोक, नौदलाचे नव्हेत. भट्टीला काही झालं नाही. बोट स्वतःच्या ताकदीवर बंदरात परत आली.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ त्या १७ जणांचाच विचार करत होतो. पाणबुडीत जगण्याची एक सवय असते. झोपतानासुद्धा तुमचं श्वासाचं उपकरण हाताच्या अंतरावर, अंधारात कोणत्या बाजूला वळायचं हे अंगात मुरलेलं. आमच्याकडे रशियन आयडीए उपकरणं होती, आणि डोळ्यांना पट्टी बांधून ती चढवण्याचा सराव व्हायचा. तरीही पहिल्या घोटात माणूस गडबडतो. शिवाय गजर झाला की कप्प्याचे दरवाजे बंद होतात आणि पलीकडून कुणी कितीही ठोकलं तरी उघडायचे नसतात. हा नियम आम्ही मान हलवून शिकलो. कुणावर वेळ आली नाही, नशीब. पण फिटर, वेल्डर, वीजतंत्री, जे चाचणीला चार दिवस आलेत, त्यांच्याकडून ही सवय कशी येणार? आणि दुप्पट माणसं एका बोटीत असताना उपकरणाचं खोकं हाताशी आहे की कुणाच्या पाठीमागे दबलंय, कोण बघणार?

नंतर एका खलाशावर आरोप आला की त्याने यंत्रणा सुरू केली. खटल्यात हेही पुढे आलं की त्या नळकांड्यांत जो गॅस असायला हवा होता त्यात दुसरं, जास्त विषारी आणि स्वस्त रसायन मिसळलेलं होतं. ज्युरीने त्या खलाशाला आणि कप्तानाला निर्दोष सोडलं. मला वाटतं बरोबर सोडलं. एका माणसाच्या बोटाने २० जण मरू शकतील अशी यंत्रणा असेल तर दोष बोटाचा फार थोडा.

आपल्याकडे त्या बातमीचं काय झालं? 'आपली पाणबुडी मिळायला उशीर होणार.' तेव्हाच्या चर्चेत मला तरी बाकी काही ऐकू आलं नाही. २३ जानेवारी २०१२ ला तिच्यावर तिरंगा चढला, आणि ४ एप्रिलला विशाखापट्टणमला संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांच्या हस्ते ती रीतसर दाखल झाली. कॅप्टन पी. अशोकन पहिले कमांडिंग ऑफिसर. करार दहा वर्षांचा, जवळपास एक अब्ज डॉलरचा. त्या समारंभात त्या वीस जणांची आठवण कुणी काढली का हे मला माहीत करून घ्यायला आवडेल. ज्या कप्प्यात ते गेले त्याच कप्प्यात आपली पोरं झोपत होती. हे मी भावुक होऊन नाही सांगत. मला विचाराल तर त्या बोटीवर पहिल्या दिवशी शिकवायचा पहिला धडा तोच.

आपल्याकडची तिची नऊ-दहा वर्षं, बाहेरून दिसतात तितकी, बरी गेली. २०१७ मध्ये सोनारच्या घुमटाचे दोन पॅनेल निखळल्याची बातमी आली, नौदलप्रमुख ॲडमिरल सुनील लांबा यांनी ती जाहीरपणे मान्य केली आणि चौकशी झाली. सोनारचा घुमट म्हणजे नाकावरचं आवरण. त्याच्या आत बोटीचे कान. तिथे पॅनेल हललं की पाणी खळखळतं आणि बोट स्वतःच्याच आवाजाने बहिरी होते. पत्रकारांनी विचारलं की बोट चालते का. खरा प्रश्न होता की तिला ऐकू येतं का.

जून २०२१ मध्ये, दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आधीच, ती सिंगापूरच्या सामुद्रधुनीतून पृष्ठभागावरून पूर्वेला जाताना दिसली. कुणीतरी जहाजावरून फोटो काढला आणि तासाभरात तो आमच्या ग्रुपवर होता. आम्ही सगळे झूम करून तिची अँटेना मोजत बसलो होतो.

तिसऱ्या भाड्याच्या बोटीचा करार मार्च २०१९ मध्ये झाला, तीन अब्ज डॉलरच्या वर. ती २०२५ मध्ये यायची होती, आली नाही. तीही जुनाच सांगाडा पुढे नेऊन तयार होणार, आणि तिचाही आधीचा जन्म असणारच. आपल्या स्वतःच्या दोन हल्ल्याच्या अणुपाणबुड्यांना ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. त्यांचा पहिला दिवस तरी आपल्याच गोदीत उजाडेल, पण तो दिवस बराच लांब आहे.

अरिहंत आहे, अरिघात आहे, मग घाई कसली, असं मुलगा विचारतो. त्याला सांगितलं, ती कामं उलटी आहेत. अरिहंतने अण्वस्त्रांची क्षेपणास्त्रं घेऊन लपून राहायचं, तिला कुणाला सापडायचं नसतं. चक्रसारख्या बोटीने दुसऱ्याला शोधून त्याच्या शेपटाला दिवसचे दिवस चिकटून राहायचं असतं, आणि ते पुस्तकातून येत नाही. पहिली चक्र गेली आणि दुसरी आली यात २१ वर्षं गेली होती. पहिलीवर वॉच केलेले बहुतेक जण तोवर निवृत्त झाले होते, म्हणून दुसरीवर पुन्हा रशियन भाषेच्या पहिल्या पानापासून सुरुवात. आता २०२१ मध्ये जो पोरगा लेफ्टनंट म्हणून तिच्यावरून उतरला, तो आपली बोट पाण्यात जाईल तेव्हा कुठल्या हुद्द्यावर असेल, आणि मधली वर्षं त्याला कशावर बसवून ठेवणार आहेत, हे त्या ८ डिसेंबरच्या मेसेजवाल्यांनी कुणाला तरी विचारावं.